कारण : ड्रायव्हर

माझ्यावर ज्यांचे सगळ्यात जास्त उपकार आहेत त्यांचं नाव हबीबचाचा. आईवडिलांना मी यात धरत नाही. त्यांनी जे केलं त्याला उपकार म्हटलं तर आई रागावेल. शाळेतल्या गुरुजींचं, कॉलेजातल्या सरांचं ऋण आहेच. पण आज मी अकोला जिल्ह्यात कृषी सहायक आहे, आमच्या घरातला पहिला पदवीधर आहे, आणि वादळ झालं की गावोगाव जाऊन लोकांना काय करा, त्याहून जास्त म्हणजे काय करू नका, हे सांगतो. हा मी एका निवृत्त एसटी ड्रायव्हरच्या हाताखाली तयार झालो. हे सांगताना माझी मान ताठ होते.

अमरावतीत, नांदगाव पेठेकडे जाणाऱ्या रस्त्याला शहर विरळ होत जातं, तिथे चाचांचं घर होतं. बाजूची एक खोली ते विद्यार्थ्याला भाड्याने देत. मी खोली बघायला गेलो तेव्हा ते व्हरांड्यात एसटीच्या जुन्या सीटवर बसले होते. खुर्ची नव्हे, सीट. हिरव्या रेक्झिनची, एका बाजूला फाटलेली, भंगारातून विकत घेतलेली. तिची पावती त्यांनी फ्रेम करून भिंतीवर लावली होती, कोणी चोरीची म्हणू नये म्हणून.

"कुठला बे तू?"

मी अचलपूरजवळच्या माझ्या गावाचं नाव सांगितलं.

"मंग फाट्यावर चढत असशीन. तिथून एक बाई रोज दह्याचं मडकं घेऊन चढे. सांडलं नाही कदी. वीस वर्सं पाह्यलं मी आरशातून. कोन लागे तुही?"

"कोणी नाही, चाचा."

"असू दे. त्या गावचा आहेस ना? घे किल्ली."

ती दह्यावाली बाई कोण, हे मला आजतागायत कळलेलं नाही. तिच्या ओळखीवर मी चार वर्षं त्या खोलीत राहिलो.

घरामागे पाच-सहा गुंठ्यांची भाजीबाग होती. काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. त्या बागेत चाचांनी तीस वर्षांचे रूट पेरून ठेवले होते. प्रत्येक वाफ्याला पत्र्याची पाटी आणि पाटीवर गावाचं नाव. वांग्यांचा वाफा अचलपूर. वांगी जुनी, सावकाश चालणारी, पण रोज भरून येणारी. मेथी म्हणजे नांदगाव पेठ, कारण ती दर दोन दिवसांनी येऊन-जाऊन असे. भिंतीच्या सावलीतला दोडका म्हणजे सेमाडोह. वळणं घेत वर चढणारा. आणि ऐन मधला, सगळ्यात चांगल्या मातीचा टोमॅटोचा वाफा म्हणजे अकोला. "लाईन रूट" म्हणत ते त्याला, म्हणजे मुख्य मार्ग.

लिंबाच्या झाडाला त्यांनी बसचा आरसा टांगला होता. निंदताना पाठीमागचं फाटक दिसावं म्हणून. पाठीमागून कोणी आलं तरी ते मान वळवत नसत, आरशात बघून म्हणत, "या, या. पायदानावर उभे राहू नका." भाजी मागायला आलेल्या शेजाऱ्यांनी फाटकाजवळच्या कडुनिंबाच्या खोडापाशी उभं राहायचं. तो थांबा. कुंपणावरून हाक मारली तर चाचांना ऐकू येत नसे. थांब्यावर उभं राहिलं की पुटपुटलेलंही ऐकू येई.

आणि व्हरांड्याच्या वाशाला एक पितळी घंटी होती. तिला बांधलेली दोरी बागेच्या टोकापर्यंत गेलेली. एक ठोका म्हणजे थांबा, दोन ठोके म्हणजे चला. पाणी सोडायचं तर डबल बेल. पाणी बंद करायचं तर सिंगल बेल. पहिल्या आठवड्यात मी हसलो. तेव्हा चाचीने, म्हणजे त्यांच्या बायकोने, स्वयंपाकघरातून मला सांगितलं, "बेटा, नौकरी छूटी, डिपो नहीं छूटा. मेरे को भी रोटी के लिए घंटी बजाते थे. मैंने एक दिन बेलन बजाया, तब से नहीं बजाते."

रोज संध्याकाळी चाचा वहीत नोंद करत. तिला ते लॉगशीट म्हणत. पट्टीने आखलेले रकाने : फेरी, सुटली, पोचली, बिघाड, कारण. वाफ्यांची नावं मराठीत, कारण पाट्या मराठीत. शेरे उर्दूत, कारण तो त्यांचा खासगी मामला. कारणाच्या रकान्यात बहुतेक वेळा माव्याची कीड, ऊन, बकरी असं काही असे. पण मधूनमधून एक शब्द मराठीत असे : ड्रायव्हर. मी विचारलं, हे काय?

"मिरचीले पानी जास्त देल्लं. सडली. देनारा कोन?"

"तुम्ही."

"मंग बकरी लिवू काय?"

मला ते कंडक्टर म्हणायचे, कारण लॉगशीटाच्या जोडाक्षरांत अडलं की माझी मदत लागे. माझं खरं नाव त्यांनी चार वर्षांत दोनदाच उच्चारलं असेल. एकदा आजारी होतो तेव्हा, आणि एकदा पुढे सांगणार आहे तेव्हा.

मी शेतकीच्या पदवीला होतो. आमच्या घरी शेती नाही. वडील दुसऱ्यांच्या वावरात जातात आणि हंगाम नसला की बाजारात हमाली करतात. शेवटच्या वर्षाला एक प्रकल्प करावा लागे. त्या वर्षी कॉलेजच्या शेतात विहिरीचं काम निघालं, पाणी नव्हतं, म्हणून सर म्हणाले की जवळपास कुठे जागा मिळाली तर तिथेच लावा. मी चाचांना मेथीचा एखादा कोपरा मागितला.

"परीक्षेची गाडी साइड रूटवर लावतेत काय बे?" म्हणाले. "अकोला घे."

लाईन रूट त्यांनी मला दिला. चार ओळी, प्रत्येकीत बारा टोमॅटो. दोन ओळी बांबू-तारेच्या आधाराने वाढवायच्या, दोन तशाच जमिनीवर सोडायच्या, आणि दर आठवड्याला उंची, फुलं, फळं मोजून आधाराचा फायदा होतो का ते लिहायचं. साधा प्रकल्प. पण त्यावर माझी पदवी होती. मी त्यात नापास झालो असतो तर एक वर्ष गेलं असतं, आणि आमच्या घरात आणखी एका वर्षाला जागा नव्हती. वडिलांच्या खांद्याचं दुखणं सुरू झालं होतं. ते सांगत नसत. सदरा घालताना दिसे.

शेवटच्या नोंदींना तीन आठवडे उरले होते तेव्हा वादळ आलं.

शुक्रवार होता. चाचा जुम्म्याच्या नमाजाला गेले होते. दुपारी अडीचच्या सुमाराला आभाळ मातकट पिवळं झालं, शेजारच्या गोठ्याचा पत्रा आमच्या कुंपणावरून उडत गेला आणि मग गारा. दहा मिनिटं असतील. आधी बोराएवढ्या, मग आवळ्याएवढ्या. त्यानंतर अर्धा तास पाऊस. आरसा लिंबावरून पडून फुटला. सेमाडोहचा मांडव दोडक्यासकट भिंतीला चिकटला. आणि अकोल्यात बांबूच्या दोन्ही ओळी आडव्या. तार ओढली गेली तशी चोवीसच्या चोवीस झाडं एका कुशीवर, हिरवी फळं चिखलात.

पाऊस थांबला न थांबला तोच मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

चाची दारातून ओरडली, "बेटा, चाचा को आने दे! उनकी गाडी को हाथ मत लगा!"

मी ऐकलं नाही. वाफसा म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं, असं नाही. पावसानंतर जमिनीतलं जास्तीचं पाणी निघून जातं, मातीत हवा खेळू लागते, ती ना चिखल राहते ना ढेकूळ होते, त्या अवस्थेला वाफसा म्हणतात. तोवर जमिनीत काम करू नये. ही व्याख्या मी परीक्षेत दोन मार्कांना लिहिली होती आणि मला दोन्ही मार्क मिळाले होते. पण माझी झाडं माझ्यासमोर पडली होती. मी पहिल्या ओळीत शिरलो. पाय घोट्यापर्यंत रुतले. एकेक बांबू उपटून सरळ केला, झाडं हाताने वर ओढली, बुंध्याशी पायाने माती दाबली, तार ताणली. तासाभरात बारा झाडं उभी. मी दुसऱ्या ओळीच्या पहिल्या बांबूला हात घातला तेव्हा घंटी वाजली.

एकच ठोका.

चाचा व्हरांड्यात उभे होते. टोपी भिजलेली, चपला हातात.

"उतर."

"चाचा, एक ओळ उभी झाली. आता दुसरी..."

"उतर म्हनलं ना बे! अन् नवं पाऊल टाकू नको. जसा गेला, त्याच पावलांत पाय ठेवून वापस ये."

मी माझ्याच खड्ड्यांत पाय ठेवत बाहेर आलो. चाचा खाली बसून त्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, शाबासकी देतील. ओळ खरंच छान दिसत होती.

"पाच-सात दिवसांत माना टाकतीन हे," ते म्हणाले. "मुळ्या तुटल्या. अन् माती तू अशी दाबली का आता तिच्यात हवा जात नाई. वरून गाडी चकाचक, खालून चेसिस मोडलं."

त्यानंतर त्यांनी दोरी घंटीला गुंडाळून ठेवली. म्हणजे फेऱ्या बंद.

तीन दिवस कोणी बागेत पाऊल टाकलं नाही. चाचांनी फक्त कडेला उभं राहून, लांब दांड्याच्या फावड्याने एक चर काढला आणि साचलेलं पाणी रस्त्याच्या नालीत जाऊ दिलं. हात पुरेल तिथली मोडकी पानं उचलली. बाकी वेळ सीटवर बसून राहिले. माझी दुसरी ओळ चिखलात झोपली होती आणि मी तिच्याकडे बघू शकत नव्हतो. वर्गातला एक मित्र येऊन गेला. पहिली ओळ बघून म्हणाला, "मस्त वाचवली की! म्हातारा काहून अडवून राह्यला?" मला त्याचं पटत होतं. खोटं का सांगू, त्या तीन दिवसांत मी मनातल्या मनात चाचांना पुष्कळ बोललो.

चाची उघड बोलायची. "तीन दिन से गाडी फेल है. पैसेंजर मर जाएंगे, फिर चलाना."

"पैसेंजर झोपले आहेत," चाचा म्हणायचे. "मेले नाईत."

रोज सकाळी ते वाफ्याच्या कडेची मूठभर माती घेत, दाबून लाडू करत आणि धुण्याच्या दगडावर टाकत. पहिल्या दिवशी तो थप्पकन बसला. दुसऱ्या दिवशी चपटा झाला. तिसऱ्या दिवशी त्याला एक चीर गेली. चाचांनी चिरेकडे बोट करून मला बोलावलं, जणू कोणी पाहुणा येऊन बसला आहे. चौथ्या दिवशी लाडू दगडावर पडला आणि फुटून मोकळा झाला.

डबल बेल. आजूबाजूच्या चार घरांना ऐकू जाईल अशी.

मग जे काम सुरू झालं ते मी आज शेतकऱ्यांना शिकवतो. आधी मोडलेल्या फांद्या धारदार पात्याने स्वच्छ कापायच्या, हाताने तोडायच्या नाहीत. गारांनी फुटलेली फळं काढून लांब पुरायची. बांबू नव्या जागी रोवायचे. झाड एकदम सरळ करायचं नाही. आज थोडं, उद्या थोडं. बुंध्याला मोकळ्या मातीची भर. वरून मोरचूद-चुन्याची फवारणी, जखमा सडू नयेत म्हणून. चाचांना यातल्या एकाही गोष्टीचं पुस्तकातलं नाव माहीत नव्हतं. झाड वर उचलताना ते खालच्या आवाजात म्हणत, "सावकाश, सावकाश, घाट आहे."

अडलं ते बांधण्यापाशी. सुतळी झाडांच्या सोललेल्या खोडात रुतत होती. चाचीने ओढणी पुढे केली. चाचा म्हणाले, गुळगुळीत आहे, घसरते. मग ते घरात गेले आणि इस्त्री करून ठेवलेली खाकी वर्दी घेऊन आले. निवृत्तीनंतर ती वर्षातून दोनदा बाहेर निघे, पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला. त्यांनी पँट वेगळी केली, कात्रीने पायाकडून चिरली आणि बोटभर रुंदीच्या पट्ट्या पाडायला लागले.

चाचीने पुढे केलेली ओढणी परत खांद्यावर घेतली.

"शर्ट रहने दो," ती म्हणाली.

"शर्ट नाई देत मी," चाचा म्हणाले. "शर्टाले काम आहे."

दुसरी ओळ खाकी पट्ट्यांत बांधली गेली. बारातली अकरा झाडं जगली आणि पुन्हा फुलली. माझी पहिली ओळ, जी तासाभरात उभी केली होती, तिने सहाव्या दिवशी माना टाकल्या. बारातली दहा गेली. झाडं वाळली, आणि त्यांच्यामध्ये माझ्या पायांचे ठसे तसेच राहिले, भट्टीतून काढल्यासारखे कडक. जमिनीवर सोडलेल्या दोन ओळींतली पाच गारांनी गेली होती.

आता प्रकल्प लिहायची वेळ आली. मी सरांना भेटलो आणि सगळं सांगितलं. सर चांगले होते, माझी परिस्थिती त्यांना माहीत होती. म्हणाले, "वादळाने गेली असं लिही. नैसर्गिक आपत्ती आहे. तुला कोणी जबाबदार धरणार नाही." मला केवढा धीर आला. मी खोलीवर येऊन स्वच्छ अक्षरात तक्ता काढला. पहिली ओळ, मृत झाडे दहा, कारण : वादळ.

चाचा जोडाक्षर विचारायला आले आणि माझ्या खांद्यावरून वाचू लागले. एकेक शब्द लावून वाचत.

"वादळानं दहा नेले?"

"सरांनीच सांगितलं, चाचा. कोणी विचारणार नाही."

"दोन्ही ओळी बांबूच्या?"

"हो."

"एकीतले दहा गेले, एकीतला एक. मंग तू खाली काय लिवशीन? बांबूची ओळ वादळात टिकत नाई?"

मी तेच लिहिलं होतं. सरासरी काढली की तसंच येत होतं.

"उद्या कोनी तुहा कागद वाचंन, अन् बांबू उपटून फेकंन. मंग त्याचे बी टमाटे जातीन. त्याचं कारण कोन?"

मी म्हणालो, "चाचा, मी नापास झालो तर?"

ते माझ्या खाटेवर बसले. मग त्यांनी सेमाडोहची गोष्ट सांगितली. नोकरीला पंचवीस वर्षं होत आली होती. पंचवीस वर्षं एकही अपघात नाही अशा ड्रायव्हरला बिल्ला मिळे, आणि बिल्ल्यासाठी त्यांनी चाचीकडून शर्टाच्या खिशावर दोन बारीक काजं आधीच करून घेतली होती. चार महिने राहिले होते. सेमाडोहच्या वळणावर, रिकामी गाडी परत आणताना, रस्त्याच्या कडेला रानगवा उभा दिसला. असा मोठा, असा काळा की ते बघतच राहिले. गाडी कडेच्या सागाला घासली. दिवा फुटला, पत्रा चेपला. कंडक्टर म्हणाला, गवा आडवा आला असं लिहा. गवा तर होताच. कोणीही मान्य केलं असतं.

"मंग तुम्ही काय लिहिलं?"

"गवा उभा होता बे. आडवा कुठं आला? आडवा मीच गेलो."

कारण : ड्रायव्हर. बिल्ला गेला. काजं राहिली.

"राग नाही आला, चाचा?"

"आला ना. लय आला. अजून येते. पन लॉगशीट खोटं असलं तं मंग पुढचा ड्रायव्हर त्या वळनावर गवा पाह्यत जाईन, रस्ता नाई." मग माझ्याकडे बघून त्यांनी माझं नाव घेतलं, खरं नाव, आणि म्हणाले, "तुही गाडी आहे. तू लिव."

ते उठून गेले. जोडाक्षर विचारायचं राहिलं.

मी तो तक्ता फाडला. नव्या तक्त्यात लिहिलं : पहिली ओळ, मृत झाडे दहा, कारण, वाफसा येण्यापूर्वी प्रकल्पकर्त्याने ओल्या जमिनीत केलेले काम. दुसरी ओळ वाफसा आल्यावर सावरली, मृत एक. मागे पुरावा म्हणून चाचांच्या लॉगशीटाचं त्या ओळीच्या नोंदीचं पान जोडलं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक होते, करड्या स्वभावाचे, चष्मा नाकाच्या टोकावर. पान उलटत उलटत ते शेवटच्या जोडपत्रावर थांबले.

"कारण, ड्रायव्हर? हा ड्रायव्हर कोण?"

"मी, सर."

आमचे सर पंख्याकडे बघत होते. परीक्षकांनी प्रकल्प बाजूला ठेवला आणि मला मातीवर प्रश्न विचारायला सुरुवात केली. ओल्या काळ्या जमिनीवर पाय पडला की आत काय होतं, मूळ का गुदमरतं, वाफसा कसा ओळखायचा. अर्धा तास. मी थांबलो नाही, कारण त्या चिखलात मी उभा राहिलो होतो. शेवटी ते एवढंच म्हणाले, "व्याख्या पाठ असलेले फार येतात." माझा पहिला नंबर आला नाही. पण पास झालो, आणि त्या प्रकल्पातला एकही आकडा मला कधी लपवावा लागला नाही.

पदवीदान समारंभाला आईवडील गावाहून आले. चाचाही आले. वर खाकी शर्ट, कडक इस्त्रीचा. खाली पांढरा पायजमा, कारण पँट टोमॅटोला बांधलेली होती. दारात एक मुलगी विद्यार्थ्याच्या आईवडिलांना 'पालक' असं छापलेली रिबिनीची फुलं लावत होती. एका विद्यार्थ्याला दोनच. वडिलांनी लावून घेतलं. आईची पाळी आली तशी ती मागे सरली.

"माह्या लुगड्याले टाचनी नको, बाई. भोक पडते," ती म्हणाली. "त्यायले लावा. त्यायच्या शर्टाले काजं आहेतच."

चाचांनी छाती पुढे काढली. मुलीने टाचणी बाजूला ठेवली आणि रिबिनीची टोकं त्या दोन काजांतून ओवून गाठ मारली. सगळा समारंभ चाचा हलले नाहीत, फूल चुरगळेल म्हणून. माझं नाव पुकारलं तेव्हा ते शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाले, "आमचा कंडक्टर आहे थो." वडील पलीकडून म्हणाले, "आमचा बी."

आता चाचांचे गुडघे चालत नाहीत. बागेतले दोनच रूट चालू आहेत, अचलपूर आणि नांदगाव पेठ; बाकीच्या पाट्या उतरवून, तेल लावून ठेवल्या आहेत. मी फोन केला तर ते चाचीच्या तब्येतीचं सांगतात आणि ठेवून देतात. वादळाची खबर त्यांना फोनवर चालत नाही. बाहेर गेलेल्या गाडीने डेपोला रिपोर्ट द्यायचा असतो, तोही लिहून, असा त्यांचा नियम आहे. त्यांना कमी दिसतं म्हणून मी अक्षर मोठं काढतो. या चैत्रात इकडे वादळ झालं, त्यानंतर पाठवलेलं हे पत्र.

*

तीर्थरूप हबीबचाचा यांस,

सलाम. चाचीलाही सलाम सांगा.

दोन आठवड्यांमागे मंगळवारी दुपारी चारला इथे वादळ झालं. गारा कमी, वारा फार. माझ्या मंडळातली सहा गावं सापडली. दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला निघालो. आधी उषाताईंकडे गेलो. एकट्या बाई आहेत, घरामागे टोमॅटो आणि चवळी करतात, त्यावरच घर चालतं. त्या साडी खोचून वाफ्यात शिरायला निघाल्या होत्या. मी मोटरसायकलचा हॉर्न एकदा वाजवला आणि थांबा म्हणालो. त्या म्हणाल्या, "तुमचं काय जाते साहेब, तुमचा पगार उभाच आहे. आडवं तं माहं झालं." मी त्यांच्या ओट्यावर बसलो आणि माझ्या दहा झाडांची गोष्ट सांगितली. माझं नाव घेऊन सांगितली. त्या थांबल्या. पण मी गेल्यावर शिरतील अशी भीती होती, म्हणून रोज सकाळी जाऊन मातीचा लाडू त्यांच्याच हाताने करून घेतला. चौथ्या दिवशी फुटला. हॉर्न दोनदा वाजवला. गल्लीतली माणसं हसली. आज बारा दिवस झाले, त्यांची ओळ उभी आहे आणि फुलं आहेत. काल त्या शेजारणीला सांगत होत्या, "माती फुटल्याबिगर जायचं नाई, ड्रायव्हरचा नियम आहे." ड्रायव्हर कोण हे त्यांना माहीत आहे. तुमचं नाव मी त्यांना सांगितलं आहे.

बांधायला पट्ट्या लागल्या. वर्दी माझ्याकडे नाही. पदवीदानाला घातलेली पँट होती. शर्ट ठेवला आहे.

आता माझ्या खोलीमागच्या वाफ्याचा रिपोर्ट. रूटचं नाव अमरावती. टोमॅटो अठ्ठावन्न. पडली सगळी. उभी राहिली एक्कावन्न. गेली सात. त्यातली पाच वाऱ्याने मोडली. दोन अशी गेली : वादळात पाण्याची टाकी कलंडताना दिसली आणि मी ती धरायला वाफ्यातूनच धावलो. कडेने जाता आलं असतं. टाकीही वाचली नाही.

पाचांचं कारण वादळ लिहिलं आहे.

दोघांचं कारण : ड्रायव्हर.

आपला,
कंडक्टर